साठ वर्षांचे भाडेकरू

खांदेश्वर, नवीन पनवेल, कामोठे या भागात फ्लॅट घेतलेला माणूस म्हणतो, “हे घर माझं.” कागद पाहिले तर इमारतीखालची जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. आपण मालक कमी, भाडेकरू जास्त.

हजरत मूसांच्या शरीअतमध्ये हा भाव फार जुना आहे. पनवेलचे बेने इस्रायली पिढ्यानपिढ्या जी तौरात वाचत आले, तिच्यात जमीन ईश्वराची आणि माणसं तिच्यावरचे पाहुणे मानले आहेत. म्हणून शेतजमीन कायमची विकता येत नसे. पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जाई. कापणीच्या वेळी शेताची कड न कापता सोडायची, तीही गरीब आणि परके या दोघांसाठी.

कुरआनही हेच शिकवतो. सूरह अल-अनआममध्ये कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क देण्याचा हुकूम आहे. लक्षात घ्या, तो गरजूचा हक्क आहे, आपले उपकार नव्हेत. त्यातूनच उश्र आला: पावसावरच्या पिकाचा दहावा भाग, पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. सूरह अल-कलममधल्या बागवाल्यांनी गरिबांना चुकवून पहाटेच फळं तोडायचं ठरवलं आणि सगळी बाग गमावली.

आता आपल्या पायाखालची जमीन पाहू. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. मूळ मालकांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मिळाला, पण त्याआधी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तौरातने कायद्याने दिलेली कड इथे रक्त सांडून मिळवावी लागली.

अशा जमिनीवर उभ्या घराचं दार कोणाला बंद करायचं, हे आपण कोणत्या अधिकाराने ठरवतो? नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव मुस्लिमांना नवा नाही. तो अन्यायच आहे. पण एकट्या बाईला, दलित कुटुंबाला, परप्रांतीय मजुराला दारातूनच परत पाठवणारे फ्लॅटधारक आपल्यातही आहेत. त्यांनी कोणत्या तोंडाने तक्रार करायची?

सोन्यावरची जकात आपण काटेकोर मोजतो. घराचीही एक कड असते. भाडं थोडं कमी घेणं, डिपॉझिटसाठी मुदत देणं, परक्याला दार उघडणं, ही ती कड. ती कापून घेऊ नये.