लेम्नॉस बेटावरची ठेव

अथेन्सचा नाटककार सोफोक्लीस याचे ‘फिलॉक्टेटीस’ हे नाटक इ.स.पू. 409 मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्याने वयाची ऐंशी ओलांडलेली होती. ऐन उमेदीत त्याने अथेन्स व त्याच्या मित्रराज्यांच्या संयुक्त कोषाचा एक कोषाध्यक्ष म्हणूनही काम पाहिले होते. दुसऱ्यांचे द्रव्य सांभाळलेल्या या माणसाच्या शोकांतिकेत कोणाचा वध होत नाही. सारा पेच आहे तो एका ठेवीचा.

ट्रॉयच्या स्वारीवर निघालेल्या फिलॉक्टेटीसला वाटेत सर्पदंश झाला. जखमेची दुर्गंधी आणि त्याचा आक्रोश असह्य होऊन ग्रीकांनी त्याला निर्जन लेम्नॉस बेटावर टाकून दिले. हेराक्लीसचे अमोघ धनुष्य तेवढे त्याच्यापाशी राहिले. त्यावर त्याने दहा वर्षे काढली. पुढे भविष्यवाणी झाली की, तो आणि त्याचे धनुष्य यांवाचून ट्रॉय पडणार नाही. ज्यांनी टाकले, त्यांनाच आता तो हवासा झाला.

ओडिसिअस अकिलीसच्या तरुण पुत्राला, निऑप्टॉलेमसला, पुढे करतो. खोटी कहाणी सांगून विश्वास संपादन कर, अशी त्याची शिकवण. मुलाला कपट रुचत नाही. तेव्हा तो अनुभवी गृहस्थ त्याच्याकडून कायमची अनीती मागत नाही, दिवसाचा अल्पसा भाग मागतो. उरलेले आयुष्य सदाचाराला मोकळेच आहे! थोरांकडून असा सल्ला मिळणारा तो काही एकटाच तरुण नव्हे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील मिथ्योपदेश याहून वेगळा कोणता?

फिलॉक्टेटीसचा भोळा आनंद पाहवत नाही. किती वर्षांनी मातृभाषा कानी पडलेली! मला घरी ने, एवढीच त्याची विनवणी. तरुण होकार देतो. तोच वेदनेची कळ येते. शुद्ध हरपण्यापूर्वी तो धनुष्य तरुणाच्या हाती सोपवतो: मी जागा होईपर्यंत सांभाळ. हा न्यास आहे, आणि तो गिळंकृत करणे हा त्या पाच अतिचारांतील न्यासापहार.

तो जागा होताच तरुण सत्य सांगून टाकतो. धनुष्य मात्र देत नाही. सेनापतींची आज्ञा आहे म्हणतो. येथे सोफोक्लीसची खरी पारख दिसते. कबुलीने मन हलके होते, पण ठेव अजून स्वतःच्याच हातात असते. धनुष्यावाचून तो पंगू माणूस उपाशी मरणार, हे त्या कबुलीने टळत नाही. तरुण निघून जातो आणि काही वेळाने परत येतो. ओडिसिअस धमकावीत मागे लागलेला असतानाही तो धनुष्य मालकाच्या हाती ठेवतो.

त्यानंतर तो निष्कपटपणे सांगतो की, ट्रॉयला चल, तेथे जखमही बरी होईल. पण फिलॉक्टेटीसचा नकार कायम. खोटे बोलून दिलेले घरी नेण्याचे वचन आता खरे करावे लागणार होते. त्यात विजयाची कीर्ती जाणार होती आणि ग्रीक सैन्याचा रोषही ओढवणार होता.

शेवटी हेराक्लीस दिव्यरूपाने प्रकटतो व दोघांना ट्रॉयकडे वळवतो. हा शेवट पुष्कळांना ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि ते अगदीच चूक नाही. तथापि परीक्षकांनी नाटकाला पहिले पारितोषिक दिले. हेराक्लीस येण्यापूर्वीच तरुण त्या लंगड्या माणसाला घेऊन जहाजाकडे निघालेला असतो, ट्रॉयच्या नव्हे, घराच्या वाटेने.