पार्लरचा विमा काढताय? मग हे विचारा

विमा म्हटलं की आपल्याकडे अजूनही एलआयसीचा हप्ताच आठवतो. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा 'विमा स्वस्त झाला' एवढंच घरोघरी पोचलं. त्याच दिवशी ब्युटी पार्लर आणि सलूनच्या सेवेवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणीला वाटणारच, की यंदा दोन्हीकडून आपलं भलं झालं.

पण हिशोब मांडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक पार्लरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आतच असते. तिथे जीएसटी नोंदणीच लागत नाही, मग ५ काय आणि १८ काय! आणि सूट मिळाली ती घरच्या माणसांच्या विम्याला. दुकानाचा, मालाचा विमा घ्यायचा तर हप्त्यावर १८ टक्के कर आजही भरावाच लागतो. मोठं, नोंदणी असलेलं पार्लर असलं तरी ५ टक्क्यांच्या दरात त्या कराची वजावट मिळत नाही. ज्या बाईच्या एका खुर्चीवर घराचा किराणा आणि मुलांची फी चालते, तिच्या खुर्चीचा विमा सरकारला 'व्यापारी' वाटतो. मला तरी हे पटत नाही.

आपल्या शिक्रापूरचंच घ्या. एकीकडे सणसवाडी, दुसरीकडे रांजणगावची एमआयडीसी, चौकातून फुटणारा चाकणचा रस्ता. कंपन्या आल्या, भाड्याच्या खोल्या वाढल्या, नोकरी करणाऱ्या मुली आल्या आणि त्यांच्यामागे गल्लोगल्ली पार्लर आली. कुणी मुद्रा योजनेतून शिशू गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज काढलं, कुणी बचत गटातून उचल घेतली, कुणी गळ्यातलं गहाण टाकलं. खुर्ची, आरसे, स्टीमर, बेसिन, इन्व्हर्टर आणि कपाटभर माल धरला तर तीन-चार लाख कुठे गेले कळत नाही. त्याचा विमा मात्र विरळाच.

आणि 'आपल्याला काय होतंय' असं म्हणायची सोय या भागाला नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात दुकानं आणि गाड्या जळाल्या. त्या घटनेच्या बाकी बाजूंवर पुष्कळ लिहून झालंय. मी फक्त दुकानदाराच्या बाजूने बोलतेय. दंगल कुणीही करो, शटरच्या आतला माल आपला असतो. चिपळूणची बाजारपेठ २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडाली, तेव्हाही हाच प्रश्न होता. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना निदान दाद मागायला जागा होती.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. नाव जरा अवघड, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींच्या आत असेल तर ती घेता येते, म्हणजे आपण सगळ्या त्यात आलोच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, संप, कुणी मुद्दाम केलेली नासधूस हे सगळं तिच्यात येतं. बाहेरचं वाहन येऊन दुकानावर आदळलं तर तेही. चाकण चौकातले कंटेनर बघता ही बाब आपल्याला जास्त महत्त्वाची! नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांकडे ती मिळते, खासगी कंपन्यांकडेही मिळते.

आता यात काय येत नाही ते नीट वाचा, कारण भांडणं तिथेच होतात. रात्री कुलूप तोडून चोरी झाली तर या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. आग, पूर असं काही घडल्यावर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तेवढीच धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा किंवा 'दुकानदार पॅकेज' घ्यावं लागतं. दुसरं, विजेचा दाब वरखाली होऊन स्टीमर किंवा स्ट्रेटनिंगचं मशीन जळालं, तर त्या मशीनचे पैसे नाहीत. त्यातून आग लागून बाकी सामान जळलं तर त्याचे मिळतात. आपल्याकडे विजेचा लपंडाव माहीतच आहे, तेव्हा यंत्रांचा वेगळा विमा पॅकेजमध्ये आहे का, हे विचाराच. रस्त्याकडेचं अनधिकृत बांधकाम सरकारी आदेशाने पाडलं, तर त्याची भरपाई कुठलाच विमा देत नाही.

गाळा भाड्याचा असेल तर भिंती मालकाच्या. पण आपण बसवलेलं बेसिन, फरशी, पीओपी, लाकडी कपाटं यांची किंमत पॉलिसीत लिहून घ्या. आणि पार्लर घरातल्याच खोलीत असेल तर घराच्या विम्यावर भिस्त ठेवू नका. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी राहत्या घरासाठी आणि घरगुती सामानासाठी आहे. धंद्याचा माल त्यात बसत नाही.

हप्ता वाचवायला किंमत कमी लिहिण्याची आपली सवय फार महागात पडते. समजा सामान चार लाखांचं आहे आणि विमा काढला दोन लाखांचा. एक लाखाचं नुकसान झालं तर एक लाख मिळत नाही, पन्नास हजारच मिळतात. तुम्ही अर्ध्याचाच विमा काढलाय ना, मग अर्धं नुकसान तुमचं, असा तो हिशोब आहे. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढे नाही.

कर्ज असेल तर आणखी एक गंमत. बँक पुष्कळदा स्वतःच विमा काढते आणि हप्ता आपल्या खात्यातून जातो. पासबुकात ती नोंद असते, पॉलिसी मात्र आपण पाहिलेली नसते. तिची प्रत मागून घ्या. तो आपला हक्क आहे. कर्ज ५० हजारांचं आणि विमाही तेवढाच, असं पुष्कळदा निघतं. बाकीचं सामान उघडंच!

इथवर सामानाचं झालं. पण पार्लरमध्ये धोका नुसत्या सामानाला नसतो, समोर बसलेल्या बाईलाही असतो. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. रंग उजळवणाऱ्या क्रीममुळे एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात त्या क्रीममध्ये पारा निघाला. त्याआधी २०२२ मध्ये हैदराबादला केस धुताना बेसिनवर मान मागे दाबली गेली आणि पन्नाशीच्या बाईंना पक्षाघाताचा झटका आला. दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये २०१८ साली केस चुकीचे कापले, त्यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेवेतली त्रुटी मान्य केली, पण एवढ्या रकमेला पुरावा काय, असं विचारून प्रकरण परत पाठवलं. आपल्या गिऱ्हाईक कोटींचे दावे करणार नाहीत. पण हेअर कलरने चेहरा सुजून कुणी दवाखान्यात गेलं, तर ते बिल कोण भरणार?

पॅकेजमधल्या 'पब्लिक लायबिलिटी'चा अर्थ साधारण एवढाच, की ओल्या फरशीवर गिऱ्हाईक घसरून पडलं तर भरपाई. आपल्या हातून ट्रीटमेंटमध्ये झालेली चूक तिच्यात सहसा येत नाही. त्यासाठी व्यावसायिक जबाबदारीचा विमा लागतो. डॉक्टर, सीए तो घेतात. आपल्याकडे ब्युटिशियनसाठी तो सहज मिळत नाही, म्हणून 'फेशियल, कलर, वॅक्सिंगने झालेली इजा यात येते का' हे एजंटला लेखी विचारा. तोंडी 'हो ताई, सगळं येतं' याला किंमत शून्य. ब्रिटनमध्ये ब्युटिशियन असा विमा घेतात आणि कंपन्या कोर्सचं प्रमाणपत्र आणि पॅच टेस्टची नोंद मागतात. विमा मिळो न मिळो, पॅच टेस्टची तारीख आणि गिऱ्हाइकाची सही वहीत ठेवायला काय हरकत आहे? लेबल नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली क्रीम विकली तर मात्र कुठलीही विमा कंपनी हात वर करणार.

बिलांचंही तेच. पुण्यात बोहरी आळीतून कच्च्या चिठ्ठीवर आणलेला माल जळाला, तर सर्व्हेअरला काय दाखवणार? पक्कं बिल घ्या, महिन्यातून एकदा कपाटांचे फोटो मोबाइलवर काढून ते भावाला किंवा मुलीला पाठवून ठेवा. दुकानातल्या मोबाइलमध्येच फोटो असले तर ते दुकानाबरोबरच जातील.

गावात आता 'विमा सखी' दिसतात. एलआयसीची ही योजना ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतला सुरू झाली. आपल्याच बायकांना रोजगार मिळाला, चांगलंच आहे. पण ती सखी आयुर्विमा विकते, दुकानाचा विमा नव्हे. तिच्याकडून पॉलिसी घेतली म्हणून पार्लर सुरक्षित झालं, असं समजू नये. स्वतःसाठी आधी स्वस्तातलं घ्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. मे महिन्याच्या शेवटी पैसे कापतात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी. आणि हात मोडला तर दवाखान्याचा खर्च कुठल्यातरी योजनेत भागेल, पण दोन महिने बंद राहिलेल्या पार्लरचं भाडं भागत नाही. वैयक्तिक अपघात विम्यात आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याची सोय जोडून मिळते, ती जरूर विचारा.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. एकटीच्या मालकीचा छोटा धंदा असला तरी तिथे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक फिरवा. फोन करताना पॉलिसी हातात ठेवा, पहिला प्रश्न तिच्या नंबरचाच येतो.