दुरून साजरा डोंगर आणि पाहणाऱ्याचे कर्तव्य

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मराठीत बहुधा भ्रमनिरासाच्या प्रसंगी वापरली जाते. जपानच्या फुजी पर्वताला मात्र ती अगदी शब्दशः लागू पडते. ३,७७६ मीटर उंचीच्या या ज्वालामुखीवर चढणाऱ्याच्या पायाखाली असतात ती राख आणि सुटे दगड. ज्या डौलदार शंकूमुळे हा पर्वत जगभर ओळखला जातो, तो आकार चढणाऱ्याला दिसतच नाही. तो पाहायचा तर पर्वतापासून दूर जावे लागते. आसपास त्याच्या तोलाचे दुसरे शिखर नसल्यामुळे तो फार दुरूनही दिसतो. वाकायामा प्रांतातील एका डोंगरावरून, म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटर अंतरावरूनही, त्याचे दर्शन घडल्याची नोंद आहे.

साहजिकच 'फुजी सर्वांत सुंदर कोठून दिसतो?' हा प्रश्न प्रवासी आवर्जून विचारतात आणि प्रवासी संस्था त्याचे तयार उत्तरही देतात. या उत्तराने प्रवाशाची सोय होते; पण फुजीला आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना न्याय मिळतो, असे म्हणता येत नाही.

जपानी चलनी नोटांचेच उदाहरण पाहावे. १९८४ सालच्या पाच हजार येनच्या आणि पुढे २००४ सालच्या एक हजार येनच्या नोटेवर मोतोसु सरोवरात प्रतिबिंबित झालेला फुजी छापला गेला. छायाचित्रकार कोयो ओकादा यांनी १९३५ साली टिपलेल्या दृश्यावर ते चित्र आधारलेले होते. जुलै २०२४ मध्ये एक हजार येनची नवी नोट चलनात आली, तेव्हा तिच्यावर चित्रकार होकुसाई यांची सुप्रसिद्ध लाट अवतरली. या चित्रात अंगावर कोसळू पाहणारी लाट प्रचंड आहे, नावाड्यांचा जीव टांगणीला लागला आहे आणि फुजी मात्र दूर क्षितिजावर इवलासा दिसतो. एका नोटेवर पर्वताने सारी चौकट व्यापली, तर दुसरीवर तो कोपऱ्यात बसला. तरीही दोन्ही दर्शने राष्ट्राच्या चलनावर मिरविण्याच्या योग्यतेची ठरली.

होकुसाई यांनी सत्तरीच्या आसपास 'फुजीची छत्तीस दर्शने' ही चित्रमालिका काढली. मागणी वाढल्यामुळे तिच्यात दहा चित्रांची भर पडली आणि ही छत्तीस दर्शने प्रत्यक्षात शेहेचाळीस झाली. त्यांपैकी एका चित्रात पिंप तयार करणारा कारागीर आपल्या कामात गढला आहे आणि त्या पिंपाच्या गोलातून दूरचा फुजी डोकावतो. दुसऱ्या एका चित्रात करवतीने भलामोठा ओंडका कापणाऱ्या कामगारांच्या पलीकडे तो उभा आहे. ही माणसे फुजी पाहायला आलेली नाहीत. ती आपापल्या कामाला आली आहेत. उत्तम दर्शन एखाद्या ठरावीक जागेच्या मालकीचे नसते, हेच या कलावंताने शेहेचाळीस वेळा सांगितले आहे.

जागेहूनही महत्त्वाची असते ती वेळ. उन्हाळ्यात फुजी अनेक दिवस ढगांआड दडून राहतो, तर हिवाळ्यातील कोरड्या, थंड सकाळी तो स्वच्छ दिसतो. तानुकी सरोवराच्या काठावरून उगवता सूर्य नेमका शिखरावर हिऱ्यासारखा चमकताना दिसतो, तो एप्रिल आणि ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या आसपास. सरोवरातील उलटे प्रतिबिंब पाहण्यासाठी वारा पूर्ण पडावा लागतो. फुजियोशिदा येथील ३९८ पायऱ्या चढून पॅगोड्याजवळ पोहोचलेल्या प्रवाशालाही आकाशाने साथ दिली नाही, तर पांढऱ्या धुक्यावर समाधान मानावे लागते. ज्याच्या हाती एकच दुपार आहे, त्याला उत्तमातील उत्तम जागाही फारशी उपयोगी पडत नाही.

एकाच जागेचा आग्रह कोठवर जातो, हे २०२४ साली फुजीकावागुचिको या गावाने अनुभवले. तेथील एका दुकानाच्या छपरावर फुजी जणू विसावला आहे, असे छायाचित्र लोकप्रिय झाले आणि ते टिपण्यासाठी झुंबड उडाली. लोक वाहतुकीची पर्वा न करता रस्ता ओलांडू लागले, कचरा साचू लागला आणि समोरच्या दंतचिकित्सालयाला उपद्रव होऊ लागला. अखेर मे महिन्यात प्रशासनाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा उभारला. त्यालाही भोके पाडण्यात आली. ऑगस्टमध्ये वादळाच्या शक्यतेमुळे पडदा उतरविला गेला व पुन्हा लावण्यात आला नाही. परंतु आपल्याच पर्वताचे दर्शन झाकण्याची वेळ एका गावावर यावी, याहून खेदजनक ते काय?

दुसरीकडे, दर्शन ही सर्वांची ठेव आहे याचे भानही जपानी समाजात दिसते. 'फुजी दिसणारा चढ' अशा अर्थाचे नाव टोकियोतील कित्येक रस्त्यांना आहे. उंच इमारतींमुळे त्यांपैकी बहुतेकांचे केवळ नावच उरले. निप्पोरी भागातील प्रसिद्ध चढावरचे दर्शन २०१३ साली असेच झाकले गेले. मात्र जून २०२४ मध्ये टोकियोजवळील कुनिताची शहरात एका बांधकाम कंपनीने, रस्त्यावरून दिसणारा फुजी झाकला जातो म्हणून, जवळजवळ पूर्ण झालेली दहा मजली इमारत पाडण्याचा निर्णय घेतला. २०१३ साली युनेस्कोने फुजीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती नैसर्गिक नव्हे तर सांस्कृतिक वारसा म्हणून. सुमारे ४५ किलोमीटर दूर असलेले मिहो येथील समुद्रकाठचे पाइनवन वगळावे, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. तरीही ते वारशात समाविष्ट झाले. जेथून पर्वत पाहिला जातो ती जागाही पर्वताचाच भाग असते, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

या तत्त्वातून हक्काबरोबर कर्तव्यही येते. फुजीला जाणाऱ्याने स्थळांची यादी लहान करावी आणि मुक्कामाचे दिवस वाढवावेत. शक्य असल्यास हिवाळा निवडावा, पहाटे उठावे आणि गर्दीच्या जागेवरच्या छायाचित्राचा हट्ट सोडावा. दुसऱ्याचे अंगण, दुकान वा रस्ता म्हणजे आपला सज्जा नव्हे, हे स्मरणात ठेवावे. एवढे करूनही ढग हटले नाहीत, तर तेही स्वीकारावे. पर्वत कोणाच्या वेळापत्रकाप्रमाणे दिसत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो दिसला की पाहणाऱ्याला कृतार्थ वाटते.