मंजुरीच्या पायऱ्या

आमच्या सूनबाई दुधनीलगतच्या एका खेड्यात शिक्षिका आहेत. परवा म्हणाल्या, “मामंजी, वर्गाचे छप्पर गळते. पैसा नेमका देतो कोण?” वाचकहो, अर्ज आम्हीच लिहून दिला होता, आणि तोही भलत्याच कचेरीकडे!

दुधनीस नगरपरिषद आहे. खेड्यातील शाळा मात्र जिल्हा परिषदेची. 1961 च्या अधिनियमान्वये ही संस्था 1 मे 1962 पासून अस्तित्वात आली. अर्थ समितीचे सभापती अंदाजपत्रक सभेपुढे मांडतात. शिक्षण, बांधकाम, आरोग्य यांच्या समित्या निराळ्या. आधी तरतूद, मग प्रशासकीय मंजुरी, नंतर अभियंत्याची तांत्रिक मंजुरी, तदनंतर निविदा. तरतूदच नसेल तर पुढचे सारे कागद व्यर्थ होत.

मार्च 2022 मध्ये मुदत संपून सोलापूर जिल्हा परिषदेवर प्रशासक आले व निर्वाचित सभासदांच्या समित्या उरल्या नाहीत. सह्या झटपट होतील, असे कित्येकांस वाटले. आम्हांस ते रुचले नाही. समितीत निदान भांडण तरी होते, आणि भांडणात आपल्या खेड्याचे नाव निघते.

सूनबाईंनी अर्ज पुन्हा लिहावयास घेतला आहे. या खेपेस छपराच्या खर्चाचा अंदाजही सोबत जोडणार आहेत.