तारीख चुकली की हक्क चुकतो

शाळा सुटल्यावर आमच्या घरी अधूनमधून कोणीतरी लिफाफा घेऊन येते. आम्हाला उर्दू आणि मराठी दोन्ही नीट वाचता येते, एवढीच आमची पात्रता. आम्ही वकील नाही. पण विचुंब्यात वकिलाकडे जाण्याआधी माणूस मास्तरकडे येतो. "सर, जरा बघा ना, काय लिहिलंय?" असे म्हणत कागद पुढे करतो.

मागच्या पावसाळ्यात एक चाचा असेच आले. वडिलांच्या घरात हिस्सा मिळावा म्हणून त्यांच्या बहिणीने वाटपाचा दावा लावला होता. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दारात आला, तेव्हा ओळखीतल्या एका 'जाणकारा'ने सल्ला दिला होता, "घेऊच नका. सही केली की अडकलात." चाचांनी समन्स घेतले नाही, दोनदा परत पाठवले. दावा त्यांच्याविना चालला, एकतर्फी हुकूमनामा झाला. आमच्याकडे आणलेला कागद होता दरखास्तीचा, म्हणजे त्या हुकुमाच्या अंमलबजावणीचा. चाचा म्हणाले, "मी तर काही घेतलंच नव्हतं, मग निकाल लागला कसा?"

या एका प्रश्नात आपल्या समाजाची आणि कोर्टाची सगळी गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते. समन्स नाकारले म्हणजे ते मिळालेच नाही, असा आपला समज. दिवाणी प्रक्रिया संहिता नेमके उलटे सांगते. नाकारलेले समन्स बजावले गेले असेच कोर्ट धरते. बहिणीचा हिस्सा तर शरीअतनेच ठरवून दिलेला आहे, ते चाचाही मान्य करतात. पण वडिलांच्या आजारपणातले कर्ज त्यांनी फेडले, घराची दुरुस्ती त्यांनी केली. हे सगळे सांगण्याची एक जागा होती, आणि ती त्यांनी स्वतःच सोडली. आज भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच आहे : आपली माणसे कोर्टात अनेकदा कायद्यामुळे हरत नाहीत, प्रक्रियेमुळे हरतात. हक्क कायद्यात असतो, पण तो तारखेला बांधलेला असतो.

दिवाणी : गप्प राहणे म्हणजे नुकसान

विचुंब्यातून गाढी नदी ओलांडली की नवीन पनवेल, आणि तिथून जरा पुढे पनवेलचे न्यायालय. जिल्ह्याचे मुख्य न्यायालय अलिबागला असले तरी आपले बहुतेक दावे पनवेललाच सुरू होतात. 'नैना'च्या आखणीत आपली गावे आली आणि जमिनीचा, घराचा भाव चढला. भाव चढला तसे वाटपाचे वादही वाढले. ज्या बहिणीने 'भाईजान बघून घेतील' म्हणत वीस वर्षे काही मागितले नाही, तिची मुले आता विचारू लागली आहेत. त्यात गैर काही नाही.

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपले लेखी म्हणणे, द्यायचे असते. कारण दाखवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. त्यानंतर आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज, मग मूळ अर्ज. चाचा सध्या या पायरीवर आहेत.

आणखी एक गैरसमज सातबाऱ्याबद्दलचा. फेरफारात नाव लागले की मालकी पक्की, आणि नाव नाही लागले की हिस्सा गेला, असे आपण धरून चालतो. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. म्हणून ज्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नाही तिने हिंमत सोडू नये, आणि ज्या भावाचे एकट्याचे नाव आहे त्याने निर्धास्त राहू नये.

कौटुंबिक : बोललेला तलाक आणि सिद्ध झालेला तलाक

आपल्या घरांत सर्वात जास्त गोंधळ इथे आहे. पोटगीचा अर्ज आला की नवऱ्याकडून ठरलेले उत्तर येते : "मी तिला तलाक दिलाय." या उत्तराचा निकाल महाराष्ट्रात २००२ सालीच लागला आहे. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने सांगितले की, तलाक दिला असे कैफियतीत नुसते लिहून भागत नाही. तलाकचे कारण काय होते, दोन्ही घरांकडून समेटाचा प्रयत्न झाला का, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. यात नवीन काय आहे? कुरआनने दोन्हीकडचा एक-एक मध्यस्थ नेमायला सांगितले आहे. आपण ती पायरी गाळली आणि कोर्टाने ती आपल्याला आठवून दिली.

एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा केला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या कायद्यावर समाजात वेगवेगळी मते आहेत, आमचीही आहेत. नवरा तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार, हा प्रश्न खराच आहे. पण असा तलाक कायद्याने होतच नाही, म्हणजे बाई पत्नीच राहते आणि पोटगीची जबाबदारी संपत नाही, हे दोन्ही बाजूंनी समजून घेतले पाहिजे.

तलाक रीतसर झाला असला तरी पोटगीचा प्रश्न मिटत नाही. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या निकालात स्पष्ट केले की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. १९८६ चा मुस्लिम महिला कायदा त्याच्या आड येत नाही. आता हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे.

आता यातल्या तारखा बघा. बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. सासर भिवंडीचे असले तरी विचुंब्यात माहेरी आलेल्या मुलीला भिवंडीला खेपा घालायची गरज नाही. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो लागावा, असे कायदा म्हणतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता शपथपत्रावर सांगायची. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके महिने बुडाले. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. आपल्याकडे मात्र "जमातवाले बोलतायत, थोडं थांबा" असे म्हणता म्हणता ते वर्ष निघून जाते.

नवऱ्याचे पाहायचे, तर हुकूम एकतर्फी झाला असेल आणि न येण्याला सबळ कारण असेल तर तीन महिन्यांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. नोकरी सुटली असेल, आजारपण असेल, तर ते कोर्टाला सांगून रक्कम कमी करून मागता येते. फोन बंद करून बसले की यातले काहीच मिळत नाही.

ज्या बाईला स्वतःच वेगळे व्हायचे आहे, तिच्यासाठी १९३९ चा कायदा आहे. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नाही, दोन वर्षे खर्च दिला नाही, क्रूरपणे वागवतो, अशा कारणांवर ती कोर्टाकडून निकाह संपवून घेऊ शकते. आमच्या पाहण्यात अशा मुली आहेत ज्या वर्षानुवर्षे ना नांदत आहेत ना मोकळ्या आहेत. हा कायदा आपल्याच उलेमांच्या पुढाकाराने आला होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

फौजदारी : पहिल्या दिवसाचे कागद

१ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. पोलिसांचे नाव काढले तरी आपल्या मोहल्ल्यात आवाज खाली येतो. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण भीतीने तोंड बंद झाले की नेमके तेच निसटते जे कायद्याने हातात दिलेले असते.

गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर जवळच्या ठाण्यात तो नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकारी, हा रस्ता आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. मिळालेल्या नोटिशीप्रमाणे हजर राहिले नाही, तर मात्र अटकेचे कारण आपणच पुरवतो.

नोव्हेंबर २०२५ मधला मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. खटला मुंबईतल्या एका मोटार अपघाताचा होता, पण निकाल सर्वांसाठी आहे. अटकेची कारणे लेखी द्यायची, तीही अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगायची आणि रिमांडसाठी कोर्टात उभे करण्याआधी किमान दोन तास तरी कागद हातात द्यायचा. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याने "मला कळत नाही" हे तिथेच, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर बोलले पाहिजे. सहा महिन्यांनी सांगून उपयोग फार थोडा.

इथेही तारीख आहेच. तपास ६० दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, पूर्ण होऊन आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क बनतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वेगळी आहे. पण तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. एका दिवसाने उशीर झाला आणि आरोपपत्र दाखल झाले, तर हक्क गेला.

मोहल्ल्यातला समेट

मग जमातीत, दारुल कजामध्ये जायचेच नाही का? जावे, जरूर जावे. राजीखुशीने मानलेल्या समेटाला कोणाची मनाई नाही. मात्र असा निर्णय किंवा फतवा कोणावर लादता येत नाही, त्याला कोर्टाच्या हुकुमाचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून समेट झाला तर तो लोकअदालतीत नेऊन नोंदवून घ्यावा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

कोर्टात उशीर होतो, हेही खोटे नाही. रिक्षा चालवणाऱ्याची एक तारीख म्हणजे एक दिवसाची कमाई. गरिबाला प्रक्रिया हीच शिक्षा होते, आणि यासाठी न्यायव्यवस्थेला प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण निदान खर्चाचे कारण सगळ्यांना लागू नाही. विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसालाही मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि १५१०० हा तिचा देशभरचा क्रमांक आहे. पुढची तारीख पाहायला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक पुरतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर घरबसल्या कळते.

शेवटी भाषेबद्दल. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे उर्दू निकाहनामा द्यायचा तर सोबत मराठी भाषांतर लागते, आणि ऐन तारखेच्या आदल्या रात्री ते आमच्याकडे येते. पण ज्या भाषेला आपण भितो तिचे शब्द ऐका : वकील, दावा, फिर्याद, कैफियत, जामीन, हुकूम, दरखास्त, नाझर, शिरस्तेदार. हे आपल्याच दस्तरख्वानावरचे शब्द आहेत. कोर्टाची मराठी आपल्याला परकी नाही, आपणच तिच्यापासून लांब राहिलो.

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. निकाह झाला की ९० दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत त्याची नोंदणी करा. निकाहनाम्याचे मराठी भाषांतर तेव्हाच करून ठेवा. प्रत्येक जमातीने दोन-चार शिकलेली मुले-मुली कागद वाचून द्यायला नेमावीत, जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास पुरे. आणि दारात बेलिफ आला, तर त्याला पाणी विचारा, समन्स घ्या, सही करा आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चाचांच्या अर्जाची पुढची तारीख आम्ही आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे. त्या दिवशी बहीणही कोर्टात येणार आहे. आम्ही चाचांना म्हटले, वकील बोलतील ते बोलतील, आधी तुम्ही सलाम करा.