दिवसा वीज, रात्री झोप

रब्बीचा हंगाम. गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला पाणी द्यायचे असते आणि थ्री-फेज लाइट येते रात्री दहाला. मग कानाला मफलर गुंडाळायचा, बॅटरी आणि फावडे घ्यायचे आणि रानात जायचे. अंधारात ओल्या हातांनी स्टार्टर दाबायचा, पहाटेपर्यंत दारे धरायची. कुठे घोणस बांधावर पडलेली असते, कुठे उसाच्या कडेला बिबट्या. त्यामुळे 'शेतीला दिवसा वीज द्या' ही मागणी महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक आंदोलनात ऐकू येते.

आपण ती शेतकऱ्यांच्या सोयीची मागणी समजतो. प्रत्यक्षात ती आरोग्याची मागणी आहे आणि तिचे मूळ कोळशात आहे. कसे, ते पाहू.

औष्णिक वीज केंद्राचा बॉयलर घरातल्या गॅसच्या शेगडीसारखा हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद करता येत नाही. थंड झालेला संच पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला बरेच तास लागतात, जास्तीचे इंधन जळते आणि यंत्रांची झीज होते. म्हणून असे संच रात्रीही निम्म्याहून अधिक क्षमतेने चालू ठेवले जातात. पण मध्यरात्री कार्यालये, बाजार, बहुतेक कारखाने बंद असतात. मग या विजेचे करायचे काय? उत्तर सोपे होते, ती शेतीकडे वळवा. पंप रात्री चालला काय किंवा दिवसा, पिकाला पाणी मिळाल्याशी कारण. दिवसाची वीज शहरांना आणि उद्योगांना, उरलेली रात्रीची शेतीला, अशी ही वाटणी होती. विजेच्या हिशेबात ती चोख बसत होती; रात्रभर जागणारा माणूस त्या हिशेबात नव्हता.

त्याच्या जागरणाची किंमत डॉक्टरांना ठाऊक आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी' या पाहणीतून २०२० मध्ये पुढे आला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, त्यामुळे सगळा दोष रात्रीच्या पाण्यावर टाकता येणार नाही. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार आणि घोणस प्रामुख्याने रात्री फिरतात आणि घोणस थंडीतही शेतात आढळते. घोणसचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, मूत्रपिंडे निकामी करते. मण्यार चावल्याचे अनेकदा कळतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. अशा वेळी दवाखाना दूर, रात्र अर्धी आणि शेतात माणूस एकटा असला, तर प्रतिसर्पविष मिळेपर्यंत उशीर होतो. विजेचा धक्का, विहिरीत तोल जाणे, आठवड्याआड बदलणाऱ्या पाळीने झोपेचे होणारे हाल, हे आणखी वेगळे.

आता चित्र उलटे होते आहे. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा, वायू यांसारखी जीवाश्म इंधने सोडून इतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. हे उद्दिष्ट २०३० चे होते, ते पाच वर्षे आधी गाठले. मात्र क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर पॅनेल रात्री काम करत नाही, ढगाळ दिवशी कमी करते. त्यामुळे प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेतला सर्वात मोठा वाटा अजूनही कोळशाचाच आहे. दुपारी सौर वीज भरपूर आणि स्वस्त, तर संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मागणी मोठी आणि सूर्य मावळलेला, अशी आजची खरी अडचण आहे.

म्हणजे आता मुबलक वीज दुपारी आहे. आणि दुपारीच वापरता येईल अशी एवढी मोठी मागणी कोणाची? शेतीपंपाची. दवाखान्याला, रेल्वेला, घरातल्या दिव्याला 'दुपारपर्यंत थांबा' असे सांगता येत नाही. पंपाला सांगता येते. पिकाला दिलेले पाणी जमिनीत काही दिवस टिकते, म्हणजे ओल धरून ठेवणारी मातीच इथे बॅटरीचे काम करते.

महाराष्ट्रात या विचाराची सुरुवात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने झाली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि पुढे उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवले गेले. कल्पना अशी, की शेतीचा फीडर गावठाणाच्या फीडरपासून वेगळा करायचा आणि उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज त्याच परिसरातल्या पंपांना द्यायची. खासगी जमीन घेतल्यास मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे या दुसऱ्या टप्प्यातला पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला.

थोडा हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका पंपाच्या एका पाळीमागे सुमारे २० किलो कोळसा. राज्यात शेतीपंपांच्या जोडण्या ४० लाखांहून अधिक आहेत. सगळे पंप रोज चालत नाहीत, तरीही हा आकडा लहान नाही. हा कोळसा जळतो तो चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ या भागांत. त्याची राख आणि धूर तिथल्या माणसांच्या फुप्फुसांत जातो. बारामती किंवा जालन्याच्या शेतकऱ्याची रात्र आणि चंद्रपूरच्या मुलाचा खोकला एकाच तारेने जोडलेले आहेत.

पण तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर या योजनेचा फायदा अर्धाच राहील.

पहिली, भूजल. फुकट आणि दिवसा मिळणारी वीज म्हणजे उपसा वाढण्याची भीती. फीडर सौर असला तरी तासांची मर्यादा ठेवता येते आणि पाण्याची गरज नसेल त्या दिवसांत ती वीज ग्रीडमध्ये इतरांच्या उपयोगी पडते. बांधावर स्वतंत्र बसवलेल्या सौर पंपाला हे दोन्ही जमत नाही. त्याची वीज वापरली नाही तर वाया जाते. म्हणून जिथे फीडर पोहोचला आहे तिथे आधी फीडरच सौर व्हावा, आणि त्यासोबत ठिबक आणि पीकपद्धतीचाही विचार व्हावा.

दुसरी, संध्याकाळ. शेती दिवसावर आली म्हणजे कोळसा आपोआप थांबत नाही. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवावी लागेल. वीज मुबलक असताना पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज बनवायची, असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आपल्याकडे घाटघर येथे २००८ पासून आहे. असे आणखी प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या लागतील. त्याशिवाय जुने संच बंद करण्याची भाषा पोकळ ठरेल.

तिसरी, मोजमाप. किती मेगावॅट उभे राहिले हे सरकार सांगते. किती शेतकऱ्यांची रात्रपाळी सुटली, हेही सांगायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना सांगितले आहे. त्या नोंदीत दोन रकाने नक्की असावेत: दंश किती वाजता झाला आणि त्या वेळी माणूस काय करत होता. फीडर सौर होण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, की ऊर्जाधोरणाने किती जीव वाचवले ते प्राथमिक आरोग्य केंद्रातच दिसेल.

तोवर ज्यांची पाळी रात्रीची आहे त्यांनी गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, चांगली बॅटरी आणि शक्यतो सोबत एक माणूस एवढे सांभाळावे. साप चावलाच तर आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. तो अवयव न हलवता सरळ दवाखाना गाठावा.

जीवाश्म इंधनांवरचे अवलंबित्व कमी करण्याची चर्चा बहुधा जागतिक परिषदांमध्ये, अंशांच्या आणि टनांच्या भाषेत होते. शेतकऱ्याला ती परकी वाटते यात नवल नाही. पण रात्री दोन वाजता तो रानात का उभा आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याच चर्चेत आहे. कोळशाच्या वेळापत्रकाने त्याची झोप घेतली. सूर्याच्या वेळापत्रकाने ती परत मिळणार असेल, तर या बदलाचा पहिला हक्कदार तोच आहे.