मोजक्या पृष्ठांतील न्याय

देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे निकालाच्या प्रतीक्षेत आहेत. सर्वोच्च न्यायालयातील प्रलंबित प्रकरणांची संख्याही ऐंशी हजारांच्या पुढे गेली आहे. या पार्श्वभूमीवर २९ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसंबंधी नवी कार्यपद्धती जाहीर केली. तोंडी युक्तिवादास किती वेळ लागेल हे वकिलांनी आदल्या दिवसापर्यंत कळवावे, तसेच आपल्या म्हणण्याचे लेखी टिपण सुनावणीच्या किमान तीन दिवस आधी सादर करावे आणि ते पाच पृष्ठांपेक्षा मोठे नसावे, असा तिचा आशय आहे. यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे त्याचे परिणामही आपोआप न्याय्य होतात, असे नाही.

लेखी युक्तिवाद ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील १९९९च्या दुरुस्त्या वकिलांच्या तीव्र विरोधामुळे लांबल्या. अखेर २००२च्या दुरुस्तीसह त्या १ जुलै २००२ पासून अमलात आल्या आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. त्यानुसार लेखी युक्तिवाद संक्षिप्त आणि स्वतंत्र शीर्षकांखाली असावा, असे आदेश १८, नियम २ सांगतो. तोंडी युक्तिवादाची कालमर्यादा ठरवण्याचे कामही तो न्यायालयावरच सोपवतो. मात्र किती पृष्ठे म्हणजे संक्षिप्त, हे कायद्याने सांगितले नाही. ते प्रकरणाच्या स्वरूपावर अवलंबून राहील, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे.

वकीलवर्गानेही या प्रसंगी आत्मपरीक्षण केले पाहिजे. एकच मुद्दा चार वेळा मांडणे, जुन्या निवाड्यांतील उतारेच्या उतारे चिकटवणे, संगणकातील जुना मसुदा नावे बदलून दाखल करणे या सवयी व्यवसायात शिरल्या आहेत, हे कोणताही प्रामाणिक वकील मान्य करील. अशा पाल्हाळाने ज्याचे प्रकरण खोळंबते तो पक्षकारही सामान्य माणूसच असतो. त्यामुळे मर्यादाच नको, ही भूमिका टिकणारी नाही. खरा प्रश्न मर्यादा कशावर घालायची, हा आहे.

हा प्रश्न नांदेड आणि लातूर येथील न्यायालयांत अधिक ठळकपणे जाणवतो. पाच पृष्ठांचा हा दंडक केवळ सर्वोच्च न्यायालयापुरता आहे, जिल्हा न्यायालयांना तो लागू नाही. तथापि, वरच्या न्यायालयातील प्रथा कालांतराने खाली झिरपतात. शिवाय निलंग्याच्या वा कंधारच्या शेतकऱ्याचा जमिनीचा दावाही अपिलांच्या पायऱ्या चढत दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. हा दावा वरवर पाहता चार एकरांचा असतो, पण त्याची मुळे निजामी राजवटीत रुजलेली असतात. त्या काळी दरबारची आणि महसुलाची भाषा उर्दू होती, कागदांवर फसली सन असे. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला. पुढे हैदराबाद राज्यात १९५०चा कूळ कायदा आला, त्याने संरक्षित कुळांना हक्क दिले. पाठोपाठ इनाम निर्मूलनाचा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी कूळ आणि इनाम यांविषयीचे हे हैदराबादी कायदे येथे पुढेही चालू राहिले. एका तुकड्याचा मालक कोण हे ठरवायचे तर मुंतखब, सेतवार, खासरा पाहणी पत्रक आणि अलीकडचा सातबारा अशी साखळी जोडावी लागते. देवस्थान इनामाच्या जमिनीचा वाद असेल तर गुंता आणखी वाढतो.

या अभिलेखांचे स्वरूप काय असते, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. शासनाच्या समितीची ही स्थिती, तर तालुक्याच्या वकिलाची काय असेल?

भाषेचा आणखी एक अडथळा आहे. २१ जुलै १९९८च्या अधिसूचनेने मराठी ही कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली. साक्षीदार मराठीत बोलतो, जबाब मराठीत नोंदला जातो. अपील मात्र २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जाते आणि तेथील कामकाज इंग्रजीत चालते. उर्दू कागद, मराठी साक्ष आणि इंग्रजी युक्तिवाद असा हा प्रवास आहे. एखाद्या शब्दाच्या भाषांतरावरून निकाल फिरू शकतो आणि तो शब्द उलगडून सांगण्यास जागा लागते. मुख्य याचिका व कागदपत्रे न्यायालयासमोर असतातच, हे खरे. परंतु कामाच्या रेट्यात प्रत्यक्षात वाचले जाते ते टिपणच, अशी धास्ती वकिलांना वाटली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

विषयाला न्याय द्यायचा असेल तर न्यायालय सवड काढते, याचे उदाहरण देशासमोर आहे. श्रीरामजन्मभूमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ४० दिवस सुनावणी घेतली. त्याआधी फारसी, उर्दू, संस्कृत आदी भाषांतील कागदपत्रांची भाषांतरे करून घ्यावी लागली. ९ नोव्हेंबर २०१९चे निकालपत्र हजार पृष्ठांहून मोठे आहे. शतकांचा वाद पाच पृष्ठांत मावणारा नव्हता, हे तेथे सर्वांनाच मान्य होते. चार एकरांचा दावा राष्ट्राच्या दृष्टीने लहान असेल, परंतु ज्या कुटुंबाचे अन्न त्या जमिनीवर पिकते त्याच्या दृष्टीने तो तितकाच मोठा असतो.

पाश्चात्त्य देशांतही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य लेखी युक्तिवादाला १३,००० शब्दांची मर्यादा आहे आणि तोंडी युक्तिवादासाठी सामान्यतः प्रत्येक बाजूला अर्धा तास मिळतो. तेथे बोलणे आखूड आहे, कारण लिहिण्यास ऐसपैस जागा आहे. आपल्याकडे आजवर बोलण्यावरच भर राहिला. आता वेळही मोजून द्यायचा आणि पृष्ठेही मोजून द्यायची, तर पक्षकाराने आपले म्हणणे मांडायचे कोठे?

आपल्या परंपरेत याचे उत्तर शोधता येते. मराठेशाहीतील निवाडपत्रांत वादी आणि प्रतिवादी यांच्या तकरिरा नोंदवलेल्या असत आणि मग निर्णय येई. हरलेल्यालाही आपले म्हणणे पंचांनी ऐकले होते, याची खूण त्या कागदावर सापडे. निकालावरचा विश्वास अशा खुणेवर उभा राहतो.

म्हणून मर्यादा घालताना तीन गोष्टी पाहाव्यात. पृष्ठांची मोजणी केवळ युक्तिवादाची व्हावी. घटनाक्रम, वंशावळ, अभिलेखांची यादी आणि भाषांतराविषयीचा खुलासा तीतून वगळावा. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर कारणे नोंदवून अधिक पृष्ठांची अनुमती सहज मिळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, टिपणात मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याची दखल निकालपत्रात घेतली जावी. वकिलाने थोडक्यात लिहायचे, तर न्यायालयाने ते पूर्ण वाचून त्यास उत्तर दिले पाहिजे. जबाबदारी दोन्ही बाजूंनी असली तरच संक्षेपाची शिस्त टिकेल.

वकीलवर्गाकडूनही तयारी हवी. नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आणि लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय यांसारख्या संस्थांतून तरुण वकील घडतात. नेमके लिहिणे, जुने महसुली कागद वाचणे आणि मराठी साक्षीचा आशय इंग्रजीत अचूक उतरवणे यांचा सराव त्यांना पहिल्या वर्षापासून मिळाला पाहिजे. ज्येष्ठ वकिलांपाशी असलेले मोडी-उर्दू कागदांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच लोप पावू देता कामा नये.

न्यायदानाला विलंब लागू नये, ही समाजाची अपेक्षा रास्तच आहे. मात्र हरलेला शेतकरी न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना ‘माझे ऐकलेच नाही’ असे म्हणत घरी परतला, तर वाचलेल्या वेळाचे मोल फार मोठे द्यावे लागेल.